तिसऱ्या सॉकेटमधला दिवा

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

१९८५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं वडूजच्या स्टँडवर बाकावर बसून मीठ लावलेली काकडी वाटून खात होतो. लग्नाला पंचवीस दिवस झाले होते आणि यांची सुट्टी संपली होती. पायाशी काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, आणि खाली 'सिग्नल्स'. गाडी लागली तशी मी हात हलवून "बाय" म्हटलं. पाचगणीला नन्सच्या शाळेत दहा वर्षं काढलेली मी, मला दुसरं काही सुचलं नाही. शेजारच्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी घाबरून मराठीत म्हटलं, "जा."

"जा न्हाई," हे गाडीच्या पायरीवरून म्हणाले. "फौजीला जा म्हणत न्हाईत. तू 'या' म्हण. मी 'येतो' म्हणतो. मग गाडी हलंल."

"आवं फौजी, उरका की," कंडक्टर ओरडला. "हितं काय सप्तपदी चाललीय व्हय?"

"या," मी म्हटलं.

"येतो," हे म्हणाले, आणि खरोखरच गाडी हलली.

आज हे आठवायचं कारण, आज दुपारी ट्रंक न सांगता गेली.

ट्रंक म्हणजे पुढच्या खोलीतलं मशीन. निवृत्तीनंतर हे पंधरा वर्षं मोटरसायकलवरून खटाव आणि माण तालुक्यांतल्या फौजींच्या घरी फिरले. जुनी पत्रं, फोटो मागून आणायचे, मशीनवर उतरवून घ्यायचे आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत नेऊन द्यायचे. दोनशे बारा घरं झाली. कुणी पुण्यात असो नाहीतर दुबईत, आपल्या आज्याचं पत्र तिथून उघडून वाचू शकतो. पूर्वी जे काळ्या ट्रंकेत राहायचं ते आता ह्यात राहतं, म्हणून नाव ट्रंक.

तिच्याखाली एक जड काळं खोकं आहे, यूपीएस. लाईट गेली की ते वीस मिनिटं मशीन जिवंत ठेवतं आणि एका वायरीतून मशीनला सांगतं, लाईट गेली, आता आवरायला घे. मशीन पत्रं मिटतं, डिस्क बंद करतं आणि आमच्या फोनवर निरोप पाठवतं. आधी यांनी तिथे 'ट्रंक बंद होत आहे' असं घातलं होतं. मी म्हटलं, मला स्टँडवर शिकवलंत ते त्यालाही शिकवा. मग 'येतो' झालं. लाईट आल्यावर 'आलो', तेही आधीचं 'येतो' पोचलं असेल तरच. "ट्रंक बाईमाणूस, 'येते' म्हणायला हवी," मी म्हटलं, तर म्हणाले, "फौजेतली हाय ती."

हे गेल्या वर्षी जानेवारीत गेले, सकाळी, चहा कपात तसाच. तेव्हापासून निरोप आला नाही. मला वाटलं, यांचा फोन बंद झाला तसा निरोपही बंद झाला असेल. खरं लिहायचं तर मी चौकशीच केली नाही. 'येतो' वाचण्याची हिंमत नव्हती.

पण मशीन आपोआप परत सुरू व्हायचं. आज लाईट गेली आणि त्याच क्षणी तेही गेलं. दोन तासांनी लाईट आली, ते आलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

क्रांती आली. स्टँडजवळ तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हे तिला 'माझी पलटण' म्हणायचे, कारण सगळं काम तिला यांनीच शिकवलं. आता चाळिशीची आहे, दोन मुलं, आवाज अजून माळावर मेंढरं हाकल्यासारखा.

दिवसभर मशीनपुढे बसली. संध्याकाळी म्हणाली, "काकी, चालू झालं. पर मधीच जीव गेल्यानं डिस्क दुखावलीय. थोडं कागद उघडंनात."

"कुणाचे?"

"हरणाबाईचं. एकतीस पत्रं. बावीस उघडत्यात. नऊ न्हाईत."

हे दर महिन्याच्या एक तारखेला स्वतः दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढायचे. हरणाबाईची पत्रं २०२३ च्या डिसेंबरात आली. जानेवारीची कॉपी राहून गेली. मूळ कागद हरणाबाईच्या घरी गेल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. त्या नऊंत तिच्या बिरदेवचं शेवटचं पत्र आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हरणाबाई दर सोमवारी येते. तिला वाचता येत नाही. तिचा बिरदेव सव्वीस वर्षांपूर्वी बर्फात गेला. ती उंबऱ्याजवळ बसते, मी पत्र वाचते, ती ऐकते, चहा घेते, जाते.

आज तिने नेमकं शेवटचं मागितलं. मी मशीनपुढे बसले. पडद्यावर काही नव्हतं. पण वर्षभरात इतक्या वेळा वाचलंय की मी सुरू केलं.

"आई, हितं बर्फ लय हाय. तू धाडलेलं घोंगडं मिळालं. सायबानं बी एक दिवस मागून घेतलं, म्हणला हे सरकारी कोटापरास ऊबदार हाय. तांबडीला इकू नगं..."

"तांबडी न्हवं," हरणाबाई म्हणाली. "चांदी. कपाळावर ठिपका व्हता ती चांदी."

"हो, चांदी. चांदीला इकू नगं. तिला कोकरू झालं की कळीव. सुट्टीचा अर्ज टाकलाय. वाट बघत बसू नगं, कामं कर. मी येतोय."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाई, आज चष्मा न्हाई लावलास."

मी टेबलावर चष्मा चाचपला.

"कागद गेला व्हय?"

"गेला, हरणाबाई."

मला वाटलं रडेल. तिने पदराची गाठ सोडली आणि परत बांधली. "मंग आता तूच कागद. पर तू गेल्यावं म्या कुनाला इचारू?" आणि माझ्याकडे बघत राहिली. "खात न्हाईस का गं? गळ्याची हाडं वर आल्याती."

तिला म्हटलं, गॅस आहे, पोट भरल्यासारखं वाटतं. ते खरंच आहे. ब्लाऊज सैल झालेत आणि परकराची नाडी मात्र घट्ट बसते. वयात असं होत असेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

क्रांतीने यूपीएसचं खोकं उघडलं. आत दोन बॅटऱ्या, पोटं फुगलेली.

"काकी, ह्या बसल्या कवा?"

"तेवीस साली. हे तीन-चारदा सांगलीला जाऊन बदलून आले."

"ह्यावर एकोणीस साल हाय. खोक्याबरूबर आलेल्याच हायत ह्या. एकदाबी बदलल्या न्हाईत."

"असं कसं? विट्याच्या गाडीने सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. थकून यायचे. बॅटरी जड असते म्हणायचे."

क्रांती माझ्याकडे बघत राहिली. मग स्क्रू गोळा करू लागली.

त्या सांगलीच्या दुकानदाराने फसवलं असणार. जुन्याच बॅटऱ्या पुसून परत दिल्या असणार. फौजी माणूस, समोरच्याच्या शब्दावर विश्वास. मी स्वतः जाऊन विचारणार आहे.

क्रांतीने बॅटरीचा आजारही समजावून सांगितला. पडद्यावर शंभर टक्के भरलेली दाखवते. भार पडला की मिनिटात बसते. "लबाड असत्यात," म्हणाली. "इचारलं तर मी बरी हाय. आणि वजन टाकलं की खाली."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

इथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, तीनदा. सांगलीला मोठी तपासणी करून या म्हणाले. चिठ्ठी दिली. बरं झालं, एका फेरीत दोन्ही कामं होतील.

बंगळूरहून उत्कर्षाचा फोन. ऋषिराजची दहावी चालू आहे. घरात टीव्ही बंद, मिक्सरसुद्धा लावत नाही म्हणाली. "आई, आवाज का बारीक येतोय?" मी म्हटलं, बुधवारी सांगलीला जायचंय त्याचा विचार चाललाय.

"सांगलीला कशाला?"

"बॅटऱ्या आणायला."

पोरीच्या डोक्याला परीक्षेपर्यंत दुसरा ताप नको.

५ मार्च, बुधवार

सकाळच्या गाडीने विटामार्गे सांगली. आधी दुकान. दादासो नावाचे मालक, पांढऱ्या मिशा, चांगला माणूस. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी दोन वर्षांची बिलबुकं काढून माझ्यापुढे पान पान उलटलं.

"वैनी, फडतरे नावाचं एक बी बिल न्हाई. एकोणीस साली खोकं घेतलं, त्यानंतर सुभेदार हितं आलेच न्हाईत. आले असते तर मी सोडलं असतं व्हय? चहाबिगर?"

दोन नव्या बॅटऱ्या त्यांनी बांधून दिल्या, रिक्षात ठेवल्या. मी माफी मागितली. "आवं, माफी कसली," म्हणाले, "या परत."

मग दवाखाना. खिडकीवरच्या मुलीने मोबाईल नंबर विचारला. मी सांगितला. तिने दाबला आणि म्हणाली, "हा नंबर आहे की आमच्याकडे. मानसिंग फडतरे, हृदयरोग विभाग. पत्नीचा नंबर म्हणून दिलाय. कळवायचं झालं तर."

"केव्हा?"

"तेवीस साली. मार्च, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर."

मागे रांग होती. मी बाजूला झाले. बॅटऱ्यांचं खोकं पायाशी होतं, त्यावरच बसले.

डॉक्टरीण शांत होती. सोनोग्राफीचा फोटो बघून तिने कागद उलटा ठेवला. पोटात पाणी आहे, अंडाशयापाशी गाठ आहे, दिसते त्यावरून साधी वाटत नाही. ऑपरेशन, त्यानंतर औषधं. "घरून कुणाला तरी घेऊन या."

"मुलगी बंगळूरला असते. नातवाची दहावी आहे."

"परीक्षा कधी संपते?"

"अठराला."

"मग एकोणीसला फोन करा. त्यापुढे थांबू नका."

येताना गाडीत माझ्या शेजारी बॅटऱ्या होत्या. खिडकीच्या सीटवर.

६ मार्च, गुरुवार

यंत्राला शिकवलंत. लाईट गेली की किती मिनिटं उरली ते मोजायला, आवरायला, मला सांगायला. एका वायरीतून, न चुकता. माझा नंबर तिथेही दिलात आणि दवाखान्यातही दिलात. तुम्हाला कुठली वायर कमी पडली?

हरणाबाईची पत्रं तुम्ही त्या डिसेंबरात तीन दिवस घाईघाईने उतरवली. मी म्हटलं होतं, एवढी गडबड कशाला. तुम्ही म्हणालात, बॅटरीचा भरवसा नाही.

आज स्वयंपाक केला नाही.

१० मार्च, सोमवार

नव्या बॅटऱ्या बसल्या. क्रांती म्हणाली, आता खरी परीक्षा. मेन स्विच पाडते. भर सकाळी अकराला तिने लाईट घालवली. पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करू लागलं. मी फोन हातात धरून बसले.

मशीनने आवरायला घेतलं. पडद्यावर एकेक ओळ येत होती. पत्रं मिटली, डिस्क मिटल्या. मशीन व्यवस्थित बंद झालं. फोनवर काहीच नाही.

"निरोप का नाही आला?"

क्रांती टेबलाखाली घुसली. तिथून आवाज आला, "काकी, इंटरनेटचा डबा कुठं लावलाय?"

"भिंतीवरच्या बोर्डात."

"तिथं कुणी लावला? सरांनी यूपीएसच्या तीन नंबरला लावलेला. मीच टॉर्च धरलेला त्यांच्या हाताखाली. लाईट गेली की डबाच आधी मरतोय. मशीन निरोप धाडतंय पर बाहेर पडायला दारच न्हाई. तीन नंबरला काय लावलंय हे? लाल वायर?"

ती लाल वायर यांच्या फोटोची. मी लावली होती.

यांच्या दहाव्यानंतर पुढच्या खोलीत फोटो लावला, त्याखाली छोटा तांबडा दिवा. पहिल्याच दिवशी लाईट गेली आणि फोटो अंधारात गेला. घरात माणूस गेल्यावर दिवा विझू देत नाहीत. सासूबाईंच्या वेळी हे स्वतः तेरा दिवस उठून तेल घालत होते. मग यूपीएसच्या मागे तीन भोकं दिसली, तिसऱ्यातला प्लग काढून मी भिंतीवरच्या बोर्डात घातला आणि तिथे दिवा लावला. हे अंधारात राहू नयेत एवढंच डोक्यात होतं. बॅटऱ्या मरेपर्यंत, वर्षभर, तो दिवा लाईटबरोबर एकदाही गेला नाही. आणि ते वर्षभर ट्रंक लाईट गेल्यावर प्रत्येक वेळी मला सांगत होती. माझ्यापर्यंत येत नव्हतं.

क्रांती बाहेर आली, कोपराला धूळ. मी सांगितलं. ती हसली नाही. ती एरवी कशालाही हसते.

"तुमी सांगा, काकी. म्या न्हाई हात लावत."

मी खाली बसले. पोटामुळे वाकता येत नाही आता, क्रांतीने दंडाला धरलं. तांबडा दिवा मीच काढला. डब्याचा प्लग मीच घातला.

दुसऱ्यांदा स्विच पाडला. फोटो अंधारात गेला. दहा मिनिटं झाली. क्रांतीने विचारलं, "किती टक्क्यावर आवरायचं ठिवू? सरांनी चाळीस ठिवलेलं."

"चाळीस फार लवकर नाही का? बॅटरी आहे तोवर चालू दे की. दहा ठेव."

"न्हाई काकी. शेवटच्या दहात आवराय घेतलं तर आवरत न्हाई. अंगात बळ हाय तवरच घ्यायचं."

चाळीस ठेवलं.

अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी फोन थरथरला.

ट्रंक: येतो.

मी "या" म्हटलं. मोठ्याने. क्रांतीने तोंड भिंतीकडे केलं.

१९ मार्च, बुधवार

ऋषिराजचे पेपर संपले. उत्कर्षाचा सकाळीच मेसेज, सगळे फिरायला चाललेत. मला वाटलं, फिरून येऊ देत. मग वाटलं, निकालापर्यंत थांबावं. मे तर येतोच आहे.

दुपारी खरीच लाईट गेली. वाऱ्याने कुठेतरी तार तुटली. मी स्वयंपाकघरात होते. बारा मिनिटांनी फोनवर 'येतो'. चाळीस टक्के शिल्लक असताना.

मी उभ्याउभ्याच उत्कर्षाला फोन लावला.

"आई! बॅटऱ्या बसल्या का गं?"

"बसल्या. आता मधे न बोलता ऐक."

ती मधे बोलली नाही. संपल्यावर तिने गाडी कडेला घ्यायला सांगितली. मग म्हणाली, "बाबा पण सांगलीला बॅटऱ्या आणायला जायचे."

"हो."

"आई, तुम्ही दोघं ना."

पाच वाजता 'आलो' आलं.

२४ मार्च, सोमवार

हरणाबाईला मशीनपुढे बसवलं. क्रांतीने माईक लावला. मी बिरदेवची ती नऊ पत्रं आठवून म्हटली, हरणाबाई दुरुस्त करत गेली. दोघींनी मिळून सात पुरी केली. दोनात मधे दोन-तीन ओळी नाहीत. तिथे हरणाबाई म्हणाली, "हितं काय व्हतं ते मला बी घावना. ऱ्हाऊ दे मोकळं. त्याचंच हाय ते."

शेवटच्या पत्रात मी मुद्दाम परत तांबडी म्हटलं. "चांदी गं चांदी!" ती माईकमध्ये ओरडली. ते तसंच ठेवलंय.

जाताना उंबऱ्यावर थांबली. कुणी सांगितलं कोण जाणे. "दवाखान्यात चाललीस?"

"हो. येते."

"ये," म्हणाली.

२७ मार्च, गुरुवार

उत्कर्षा शनिवारी येते आहे, सोमवारी ऑपरेशनसाठी सांगली. डॉक्टरीण म्हणते, उमेद ठेवा. ठेवली आहे. तरी अंगात बळ आहे तोवर लिहून ठेवते.

ट्रंक, यूपीएस आणि दुसरी डिस्क क्रांतीला. तिने ती दुकानात न्यावी किंवा इथेच ठेवावी. कॉपी आता आपोआप होते, तरी एक तारखेला तिने डोळ्यांनी बघावं.

काळी लोखंडी ट्रंक उत्कर्षाला. तिच्यात यांनी मला लिहिलेली पत्रं आहेत. ती मशीनवर नाहीत. वाचायची की नाही ते तिने ठरवावं. वाचली तर अक्षराला हसू नये.

कागद परत द्यायच्या आतच गाव सोडून गेलेल्यांची अकरा पाकिटं कपाटात वरच्या खणात आहेत, गावांची नावं लिहून. बाजाराला कुणी येईल त्याला विचारत राहावं.

बिरदेवच्या पत्रांचं ध्वनिमुद्रण एका साध्या फोनवर घालून हरणाबाईला. एक बटण दाबलं की सुरू होईल असं क्रांतीने करून द्यावं. शेवटचं पत्र पहिलं लावावं.

माझी निळी इरकल क्रांतीला. ती नको म्हणेल.

यांचं मनगटी घड्याळ ऋषिराजला. किल्ली रोज द्यावी लागते. निकाल काय लागेल त्याच्याशी ह्याचा संबंध नाही.

निरोपाच्या यादीत माझ्या नंबराखाली उत्कर्षाचा नंबर घातला आहे. माझा काढायची घाई करू नये.

यांचे आणि माझे दवाखान्याचे कागद एकाच फाईलमध्ये. यांचे यूपीएसच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, वॉरंटी कार्डाखाली सापडले. ही फाईल मी कुठेही ठेवणार नाही. शनिवारी उत्कर्षाच्या हातात देईन.

तिसऱ्या सॉकेटमधला प्लग कुणीही काढू नये. पुढे कधी माझ्या फोटोला दिवा लावावासा वाटला, तर तो भिंतीवरच्या बोर्डात लावावा. लाईट गेली की जाईल. जाऊ दे.